पितळी पार्ट काळे करायचेत? रंग राहू दे, केमिकल वापरा

जहाजाच्या मॉडेलवरच्या तोफा, रेलिंगचे खांब, साखळ्या यांना ब्रशने काळा रंग मारला की बारीक डिटेल बुजतं, आणि साखळीची कडी जरा हलली की रंग उडालाच म्हणून समजा. त्यापेक्षा धातूच काळा करायचा. पितळेसाठी तयार सोल्युशन मिळतं, बर्चवुड केसी कंपनीचं ब्रास ब्लॅक वगैरे, स्टीलचं वेगळं असतं हं, बाटली बघून घ्या. यात बहुतेक वेळा सेलेनियम असतं, म्हणजे विषारी, तेव्हा ग्लोव्हज घाला, खिडकी उघडी ठेवा आणि स्वयंपाकघरातली भांडी अजिबात वापरू नका.

खरं काम सफाईचं आहे. तयार पार्टवर बऱ्याचदा पारदर्शक लॅकर असतं, ते ॲसिटोनमध्ये भिजवून काढा. मग कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व टाकून पार्ट दहा-पंधरा मिनिटं ठेवा (आजी तांब्या-पितळेला चिंच लावायची ते उगाच नाही), ब्रशने घासून धुवा आणि त्यानंतर बोट लावायचं नाही, चिमटाच. पाणी पार्टवर सलग पसरलं तर झालं, थेंब थेंब जमले तर तेलकटपणा आहे अजून, परत धुवा.

आता सोल्युशन. बाटलीतलं तसंच वापरलं तर झटकन काळं होतं पण काजळीसारखं, पुसलं की निघून येतं. एक भाग सोल्युशनला आठ-दहा भाग डिस्टिल्ड वॉटर घ्या, गाडीच्या बॅटरीत टॉपअपला घालतात तेच, फक्त चुकून बॅटरीचं ॲसिड उचलू नका. छोटे पार्ट प्लॅस्टिकच्या गाळणीत घालून हलवत राहा. पितळ आधी तपकिरी होतं, मग जांभळट, मग काळं. हवा तो रंग आला की लगेच बाहेर काढून भरपूर पाण्यात धुवायचं, वाळलं की मऊ फडक्याने हलकं पुसायचं, कुठे पिवळं दिसलं तर तेवढं साफ करून परत बुडवायचं.

साध्या सोल्डरवर (पार्ट जोडायला वितळवून लावतात तो धातू) हे नीट चढत नाही, जॉइंट चकाकत राहतो, म्हणून जास्तीचं सोल्डर आधीच खरवडून टाका आणि उरलेल्या रेषेवर काळ्या रंगाचा बारीक हात फिरवा. वापरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, नाव लिहिलेल्या बाटलीत साठवा, पण कोल्ड्रिंकच्या बाटलीत नको, घरात पोरं असतात.