व्हॉल्व्ह, क्लास एबी की क्लास डी? अ‍ॅम्प्लिफायरची तुलना घरी कशी करावी

व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर, क्लास एबी म्हणजे नेहमीचा ट्रान्झिस्टरचा, आणि क्लास डी म्हणजे ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणारा. दोन अ‍ॅम्प्लिफायरमधला एखादा किंचित मोठ्याने वाजत असेल, तर बहुतेक वेळा तोच आपल्याला आवडतो. फरक अर्ध्या डेसिबलचा असला की तो आवाज मोठा वाटतच नाही. जास्त मोकळा, जास्त स्वच्छ वाटतो. म्हणून सगळ्यात आधी दोन्हींची पातळी जुळवायची, आणि ती कानाने नाही, मल्टिमीटरने.

बास, ट्रेबल, लाउडनेस सगळं बंद करा. 300 हर्ट्झचा सलग टेस्ट टोन लावा. 1000 हर्ट्झवर स्वस्त मीटर चुकू शकतात. स्पीकर जोडलेलाच ठेवा, मीटर एसी व्होल्टवर घ्या आणि त्याची टोकं स्पीकरच्या टर्मिनलना नीट टेकवा, एकमेकांना लागू देऊ नका. पहिल्या अ‍ॅम्पवर 2 व्होल्ट आणा, मग दुसऱ्यावर. दुसरा 1.98 ते 2.02 च्या दरम्यान आला की फरक 0.1 डेसिबलच्या आत राहतो. डावा-उजवा दोन्ही चॅनल तपासा आणि व्हॉल्यूमच्या बटणाजवळ टेपने खूण करा.

आवाजाचे बारकावे काही सेकंदच लक्षात राहतात, त्यामुळे अदलाबदल झटपट व्हायला हवी. त्यासाठी स्पीकरच्या लाल आणि काळी अशा दोन्ही वायरी बदलणारा स्विच घ्या. बऱ्याच क्लास डी अ‍ॅम्पमध्ये काळं टर्मिनल अर्थला जोडलेलं नसतं. दोन अ‍ॅम्पच्या काळ्या वायरी एकत्र केल्या तर अ‍ॅम्प जळू शकतो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प तर लोडशिवाय, म्हणजे स्पीकर किंवा रेझिस्टर न जोडता, चालवूच नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. स्पीकर दुसऱ्या अ‍ॅम्पकडे वळला की व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवर त्याच्या ताकदीला पुरेल असा 8 ओहमचा रेझिस्टर यायला हवा. एवढी जोडणी जमणार नसेल, तर दोन्ही अ‍ॅम्प बंद करून वायरी हाताने बदला. वेळ जाईल, पण नुकसान होणार नाही.

ऐकायला अर्ध्या मिनिटाचे तुकडे निवडा. तानपुऱ्याची जवारी आणि डग्ग्याची घुमक मला सगळ्यात उपयोगी वाटते: एकीत वरचे स्वर उघडे पडतात, दुसरीत खालचा ताबा कळतो. घरातल्या कुणाला तरी नाणं उडवून अ‍ॅम्प निवडायला सांगा. कुठला वाजतोय ते तुम्हाला दिसता कामा नये. 16 पैकी 12 वेळा बरोबर ओळखलात तर फरक खरा माना. नुसत्या अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी असते.

व्हॉल्व्ह बहुधा ओळखू येतो, आणि त्यात जादू काही नाही. इम्पिडन्स म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा; स्पीकरमध्ये तो स्वराच्या उंचीप्रमाणे बदलतो. समजा अ‍ॅम्पचा स्वतःचा, म्हणजे आउटपुट इम्पिडन्स 2 ओहम आहे आणि तुमच्या स्पीकरचा इम्पिडन्स एका ठिकाणी 4, तर बासमध्ये एका ठिकाणी 20 ओहम. या दोन ठिकाणच्या पातळीत 2.7 डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे बास तिथे चक्क उचलला जातो. ‘ऊबदार’ म्हणतात त्यातला बराच भाग हाच. उरलेलं काम दुसरा हार्मोनिक, म्हणजे अ‍ॅम्पने मिसळलेला मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा स्वर, करतो. 300बी या व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड अ‍ॅम्प (ज्यात सहसा प्रत्येक चॅनलला आउटपुटचा एकच व्हॉल्व्ह असतो) साधारण 8 वॅटचा. कमी सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे तेवढ्याच ताकदीत कमी आवाज देणाऱ्या स्पीकरवर तो लवकर क्लिप होतो, म्हणजे ताकद संपून आवाजाच्या लहरींचे माथे कापले जातात, आणि मग आपण क्लिपिंगच ऐकत बसतो.

चांगला क्लास एबी आणि आजचा चांगला क्लास डी मात्र पातळी जुळवल्यावर, क्लिप न होता, बहुतेकांना वेगळे सांगता येत नाहीत. जुन्या क्लास डीमध्ये आउटपुटवरच्या फिल्टरमुळे ट्रेबल स्पीकरप्रमाणे बदलायचा, तिथे फरक सापडू शकतो.

म्हणून दुसऱ्याच्या घरी ऐकलेल्या व्हॉल्व्हवर पैसे भरण्याआधी तो तुमच्याच स्पीकरवर लावून बघा, आणि त्या स्पीकरचा इम्पिडन्सचा आलेख मिळाला तर तोही बघा.