इंग्रजीत 'जरा हळू बोला' आणि 'जरा मोठ्याने बोला' कसं सांगायचं, तेही समोरच्याचं तोंड न पाडता

सगळ्यात आधी 'प्लीज स्पीक स्लोली' हे वाक्य डोक्यातून काढून टाका. वाक्य चुकीचं नाहीये, पण आपण मराठी माणसं ते जिथे वापरतो तिथे ते भलतंच काम करतं. आपल्याकडे 'हळू' हा एकच शब्द दोन कामं करतो, हळू चाल म्हणजे वेग कमी कर आणि हळू बोल, बाळ झोपलंय म्हणजे आवाज कमी कर. 'जोरात'चंही तेच, जोरात पळ आणि जोरात ओरड. इंग्रजीत वेगाचा शब्द वेगळा आणि आवाजाचा वेगळा, आणि स्लोली म्हणजे फक्त वेग.

हे मला कसं कळलं ते सांगते. एका ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ होते, ते फोनवर असे बोलायचे की फोनची गरजच नव्हती, खिडकी उघडली असती तरी पलीकडच्याला ऐकू गेलं असतं. एक दिवस मी धीर करून, अगदी गोड आवाजात त्यांना म्हणाले, 'कुड यू प्लीज स्पीक स्लोली?' माणूस सज्जन. मान डोलावली आणि पुढचं सगळं संभाषण एकेक शब्द सुटा करून, तितक्याच खणखणीत आवाजात पूर्ण केलं. जे वीस मिनिटांत संपलं असतं ते मी चाळीस मिनिटं ऐकलं, आणि वर त्यांनी मला विचारलं की आता समजतंय ना नीट?

तर पायरी पहिली, नक्की काय हवंय ते आधी ठरवा. वेग कमी हवा असेल तर 'कुड यू स्लो डाउन अ लिटल?', उच्चार कळत नसतील तर 'सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट', लाइन तुटत असेल तर 'यू आर ब्रेकिंग अप'. आवाजाबद्दल असेल तरच पुढे वाचा. आणि 'प्लीज रिपीट' वर अवलंबून राहू नका, रिपीट म्हटलं की समोरचा तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणतो आणि आपण तिथेच.

पायरी दुसरी, नम्रपणा कुठे ठेवायचा. इंटरनेटवर 'पन्नास पोलाईट वाक्यं' छापाच्या याद्या असतात, त्यांत प्रत्येक वाक्याच्या पुढे प्लीज चिकटवलेलं असतं आणि झाला नम्रपणा. असं नसतं हो. प्लीज लावलेला हुकूम हा हुकूमच राहतो. आपण मराठीत नम्र कसे होतो ते आठवा, 'जरा हळू बोलता का' यात कृपया कुठेच नाहीये, सगळं काम तो 'जरा' करतो, ते 'का' करतं आणि बोलता हे आदरार्थी रूप करतं. इंग्रजीत तू आणि तुम्ही दोघांनाही यूच, म्हणजे आदर क्रियापदात घालायची सोय नाही, तो दुसरीकडून आणावा लागतो. 'जरा'च्या जागी 'अ बिट' किंवा 'अ लिटल' येतं. 'का'च्या जागी 'कुड यू' किंवा 'वुड यू माइंड' येतं. हे दोन असले की प्लीज नसलं तरी चालतं, आणि हे दोन नसले तर तीन प्लीज घाला, वाक्य रागावलेलंच वाटणार. 'काइंडली' तर बोलताना नकोच, आपल्याला तो शब्द फार सभ्य वाटतो पण बाहेरच्या माणसाला तो भिंतीवरच्या नोटीशीसारखा ऐकू येतो.

'वुड यू माइंड'ची एक गंमत, त्याच्यानंतर क्रियापदाला आयएनजी लागतं, वुड यू माइंड स्पीकिंग, टू स्पीक नाही. आणि उत्तर 'नो, नॉट अ‍ॅट ऑल' आलं तर चेहरा पाडू नका, त्याने होकार दिलाय. तुम्हाला काही हरकत आहे का, नाही, काहीच नाही, असं ते आहे.

पायरी तिसरी, आवाज वाढवायला सांगणं. हे सोपं आहे. 'कुड यू स्पीक अप अ बिट?' एवढं पाठ करा, नव्वद टक्के काम झालं. फोनवर किंवा मोठ्या खोलीत 'सॉरी, आयम हॅविंग ट्रबल हिअरिंग यू' म्हटलं तरी पुरतं, लोक स्वतःहून आवाज वाढवतात. 'स्पीक लाउडली' नको, लाउड शब्दाला इंग्रजीत गोंगाटाचा वास आहे, फार तर 'अ लिटल लाउडर' म्हणा. 'रेज युवर व्हॉइस' तर अजिबात नको, तो आपला 'आवाज चढवणं' आहे, भांडणातला. आणि 'युवर व्हॉइस इज नॉट कमिंग' हे 'तुमचा आवाज येत नाहीये'चं शब्दाला शब्द ठेवून केलेलं आहे, आपल्या आपल्यात कळतं, बाहेर कोणी म्हणत नाही. 'अ‍ॅम आय ऑडिबल?' हेसुद्धा आपल्याकडचंच, बाहेर साधं 'कॅन यू हिअर मी ओके?' म्हणतात.

नुसतं 'व्हॉट?' टाळा. मित्रांत 'हं?' चालतं, आणि तो 'हं?' एकमेकींशी काही नातं नसलेल्या कितीतरी भाषांत जवळपास तसाच सापडतो असं नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेच्या भाषाशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं, त्यांना त्यासाठी २०१५ चं इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं नोबेल. पण साहेबांसमोर 'हं?' केलं तर कुठलंच नोबेल वाचवायला येत नाही.

अजून एक, सांगायच्या आधी जवळ जाता येतंय का बघा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, बोलणाऱ्याने काहीही न करता. खुर्ची पुढे ओढणं हे कुठल्याही वाक्यापेक्षा नम्र.

आता पायरी चौथी, आणि मी हा लेख खरं तर हिच्यासाठीच लिहितेय. आवाज कमी करायला सांगणं. इथे भले भले आपटतात, मी तर दोनदा आपटलेय, पहिल्यांदाचं वर सांगितलंच. त्या स्लोली प्रकरणानंतर मी शहाणी झाले असं मला वाटलं आणि पुढच्या वेळी बरोबर इंग्रजी वापरलं, 'प्लीज लोअर युवर व्हॉइस'. व्याकरण बरोबर, शब्द बरोबर. आजूबाजूची चार टेबलं गप्प झाली. त्या बाई माझ्याशी पुढचे कित्येक दिवस कामापुरतंच बोलल्या. मला वाटलं मी काय वाईट बोलले, प्लीज तर म्हटलं होतं! नंतर कळलं, मी त्यांना 'आवाज खाली!' म्हटलं होतं. मराठीत आपण हे कुणाला म्हणतो? भांडणाऱ्या माणसाला. आवाज खाली ठेवून बोल, ही धमकी आहे. इंग्रजीतही अगदी तशीच आहे, पण परक्या भाषेत बोलताना आपल्या कानाला तो काटा टोचत नाही, हाच घोटाळा.

'कीप युवर व्हॉइस डाउन' याच जातीचं, कुड यू लावलं तरी थोडी टोचणी राहतेच. 'लोअर युवर टोन' त्याहून वाईट, कारण टोन म्हणजे आवाज किती मोठा ते नाही, बोलण्याचा रोख, म्हणजे तुम्ही त्याला उद्धट म्हणताय. 'टोन इट डाउन'चंही तेच, ते बोलण्यातल्या अतिरेकाबद्दल असतं. आणि 'युज युवर इनडोअर व्हॉइस' कुठल्या यादीत दिसलं तर ती यादी बंद करा, ते लहान मुलांना सांगतात, मोठ्या माणसाला सांगितलं तर तो टोमणा होतो.

मग करायचं काय? माझं ठाम मत आहे की आवाज कमी करायला सांगताना पहिल्या वाक्यात 'युवर व्हॉइस' हे दोन शब्द यायलाच नकोत. का ते सांगते. मोठ्याने बोलणाऱ्याला बहुतेक वेळा आपण मोठ्याने बोलतोय हे माहीतच नसतं. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस न कळत आवाज चढवतो, याला लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात, एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी १९११ मध्ये हे मांडलं होतं. कानात हेडफोन घालून बोलणाऱ्याचंही तेच होतं, स्वतःचा आवाज स्वतःलाच नीट ऐकू येत नाही, मग तो घसा फोडतो. त्याच्या मते तो साधं बोलतोय. अशा माणसाला तुम्ही त्याच्या आवाजाबद्दल बोललात की त्याला ते स्वभावाबद्दल बोलल्यासारखं लागतं.

म्हणून आवाजाबद्दल बोलूच नका, स्वतःच्या अडचणीबद्दल किंवा खोलीबद्दल बोला. स्वतःची अडचण म्हणजे, 'सॉरी, आयम ऑन अ कॉल, वुड यू माइंड कीपिंग इट डाउन अ लिटल?' इथे कीपिंग इट डाउन आहे, इट, युवर व्हॉइस नाही, एवढ्या एका इटने वाक्याची धार जाते, कारण तो इट म्हणजे सगळा गलका, एकट्या त्याचा आवाज नाही. खोलीबद्दल म्हणजे, 'सॉरी, साउंड रिअली कॅरीज इन हिअर'. या खोलीत आवाज फार लांब जातो. हे माझं सगळ्यात आवडतं वाक्य आहे, यात विनंतीच नाहीये, दोष भिंतींचा, आणि तरी नव्याण्णव टक्के लोक लगेच 'ओ, सॉरी' म्हणून आवाज खाली आणतात. खासगी काही चाललं असेल तर हेच वाक्य उपकारासारखं वाटतं, त्यांना कळतं की सगळ्यांना ऐकू जातंय.

सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट कुठेच लिहिलेली नसते ती म्हणजे हे सांगताना तुमचा स्वतःचा आवाज कसा हवा. मी आधी खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडून सांगायचे की हळू बोला, आता आठवलं की हसू येतं. उठून जवळ जा, तुम्हाला जेवढा आवाज हवाय तेवढ्याच आवाजात सांगा, थोडं कमीच. माणूस समोरच्याच्या पट्टीला येतो, तुम्ही कुजबुजलात की तोही बऱ्याचदा कुजबुजूनच सॉरी म्हणतो आणि तिथेच अर्धं काम होतं. आणि वाक्याच्या शेवटी सूर किंचित वर न्या, प्रश्नासारखा. 'कुड यू कीप इट डाउन' हे सूर खाली पाडून म्हटलं की सगळे शब्द नम्र असूनही ते दटावणं होतं, आपण मराठी माणसं इंग्रजी सपाट सुरात बोलतो त्यामुळे हे आपल्याकडून फार होतं. घरी दोनदा मोठ्याने म्हणून बघा, वेडेपणा वाटेल, तरी म्हणा.

अनोळखी घोळका असेल तर सुरुवात 'एक्सक्यूज मी, सॉरी टू बॉदर यू' ने करा आणि मग तेच कीपिंग इट डाउन. मोबाइलवर कुणी व्हिडिओ लावून बसलं असेल तर 'कुड यू टर्न इट डाउन अ बिट?', टर्न डाउन हे यंत्राला, माणसाच्या आवाजाला नाही.

पायरी पाचवी, ऑनलाइन मीटिंग. इथे सगळं माइकवर ढकला. कमी येत असेल तर 'यू आर अ बिट क्वायट ऑन माय एंड', जास्त येत असेल तर 'यू आर कमिंग थ्रू अ बिट लाउड, कुड यू मूव्ह बॅक फ्रॉम द माइक?' ऑन माय एंड म्हणजे माझ्या बाजूला, हे तीन शब्द विसरू नका, दोष आपल्याकडे घेण्याची ती सगळ्यात स्वस्त युक्ती. आणि आधी आपला व्हॉल्यूम तपासा, दहा जणांसमोर तक्रार करून मग आपलाच स्पीकर फुल होता हे कळणं काय असतं ते मला विचारू नका.

समोरच्याला ऐकायला कमी येत असेल आणि म्हणून तो मोठ्याने बोलत असेल तर मात्र वरचं सगळं सोडा आणि त्याला हळू बोलायला सांगायच्या भानगडीत पडू नका. त्याच्यासमोर तोंड करून, ओठ दिसतील असं, स्वच्छ बोला, ओरडू नका. वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, स आणि फ सारखे, त्यामुळे नुसतं ओरडून शब्द कळत नाहीत, नुसता गडगडाट कळतो.

शेवटची पायरी, त्याने ऐकलं की लगेच 'दॅट्स मच बेटर, थँक्स' म्हणा. पाच मिनिटांनी आवाज परत चढणार आहे, ते धरूनच चाला, सवय आहे ती. तेव्हा 'सॉरी टू बी अ पेन' लावून तेच वाक्य पुन्हा एकदा, हसून. तिसऱ्यांदाही तेच झालं तर वाक्यं शोधत बसू नका, लॅपटॉप उचला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसा.