अक्रोडाचा दस्ता: नक्षी नंतर, मूठ आधी

बंदुकीच्या दस्त्यासाठी अक्रोडाचा ठोकळा निवडायला बसलं की पहिली नजर लाकडातल्या नैसर्गिक नक्षीवर जाते, आणि सल्ला देणारेही "भरपूर नक्षी असलेला घ्या" एवढंच सांगून मोकळे होतात. हा सल्ला ऐकला की माझा संयम सुटतो. आधी मूठ, म्हणजे दस्त्यावर हाताची पकड येते ती जागा, बघायची, मग लाकूड वाळलंय का ते, आणि नक्षी सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करून बनवलेले दस्ते मुठीत तुटून माझ्याकडे दुरुस्तीला आलेत. त्यातला एक माझ्याच हातचा होता.

१. जात ओळखा

यात फार वेळ घालवू नका. इंग्लिश, फ्रेंच, तुर्की, सर्केशियन अशा नावांनी विकला जातो तो एकाच जातीचा अक्रोड, जुग्लान्स रेजिया. मधाळ किंवा राखाडी-तपकिरी अंगावर काळ्या रेघा, आणि लाकडातली छिद्रं बारीक, त्यामुळे मुठीवर पकडीसाठी बारीक जाळी कोरायला याच्यासारखं लाकूड नाही. अमेरिकन काळा अक्रोड चॉकलेटी, किंचित जांभळट झाक असलेला. कॅलिफोर्नियातला क्लॅरो तांबूस, रंगांनी भरलेला, पण त्याची छिद्रं मोठी आणि अंग जरा मऊ. क्लॅरो आणि रेजियाच्या संकरातून होतो तो बॅस्टोन, घट्ट आणि चिवट. जोरदार धक्का देणाऱ्या रायफलीसाठी मी बॅस्टोन किंवा घट्ट अंगाचा रेजिया घेतो.

२. पृष्ठभाग साफ करा

करवतीच्या खुणांखाली काहीच दिसत नाही. रंधा मारा आणि टर्पेंटाइनचा बोळा फिरवा. पाणी लावू नका, तंतू उभे राहतात.

३. मूठ वाचा

मूठ म्हणजे दस्त्याचा सगळ्यात बारीक भाग. बार उडवणाऱ्या यंत्रणेसाठी तिथलंच लाकूड कोरून काढावं लागतं, आणि बार झाला की धक्का तिथूनच खांद्याकडे जातो. म्हणून लाकडाचे तंतू मुठीच्या उताराला धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेले पाहिजेत. ते मुठीला तिरके छेदत बाहेर पडत असतील, तर दस्ता आज ना उद्या तिथेच तुटणार.

इतकं बहुतेकांना माहीत असतं. घोळ होतो तो पुढे: तंतू कुठे चाललेत हे लोक रंगाच्या पट्ट्यांवरून ठरवतात. अक्रोडातली काळी रेघ म्हणजे नुसतं रंगद्रव्य. ते कधी वार्षिक वलयांना धरून जातं, कधी वलयं ओलांडून वाट फुटेल तिकडे पसरतं. तंतूंची दिशा त्याहून अगदी वेगळी असू शकते.

माझ्या दुसऱ्याच दस्त्याच्या वेळी मी या पट्ट्यांवर विसंबलो. मुठीतून एक काळी रेघ इतकी सुरेख वळून गेली होती की मी दुसरं काही पाहिलंच नाही. कोरून झालं, तेल देऊन झालं, जाळीही कोरून झाली. विसाव्या बाराच्या आसपास यंत्रणेच्या मागच्या टोकाशी केसाएवढी चीर दिसली, आणि दोन-तीन बारांत ती त्या काळ्या रेघेला तिरकी कापत खालपर्यंत गेली. तुटलेल्या तोंडावर सगळं स्पष्ट होतं: तंतू एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होते. विकणाऱ्याने एकच बाजू दाखवली होती आणि मी दुसरी मागितली नव्हती. तीन महिन्यांचं काम वाया गेलं, आणि ते अजून मनाला लागतं.

तेव्हापासून मी छिद्रं वाचतो. अक्रोडाच्या रंधलेल्या अंगावर टोकदार पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक काळसर रेघोट्या दिसतात. झाडात पाणी वर चढवणाऱ्या नळ्याच त्या, आणि त्या तंतूंच्याच दिशेने जातात. उजेड तिरका पाडा, भिंग लावा. रेघोट्या लांबलचक असतील तर तंतू पृष्ठभागाला समांतर आहेत. त्या आखूड होत होत ठिपक्यांवर आल्या, तर तंतू तिथे लाकडात बुडताहेत. मुठीच्या जागी ठिपके दिसले की मी ठोकळा खाली ठेवतो.

दोन्ही बाजू बघा, आणि वरची कडही बघा. ही कड कुणी बघत नाही. तिथे रेघोट्या लांबीला धरून न जाता तिरप्या जात असतील, तर हवेतल्या ओलाव्याबरोबर बंदुकीच्या नळीखालचा भाग कडेला वाकतो, नळीला टेकतो आणि नेम सरकतो. तरी शंका राहिली तर कापून टाकायच्या भागावर पातळ शाईचा एक थेंब सोडा. शाई तंतूंच्या वाटेने पसरते.

आता पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यातून दस्त्याचा आकार कापा, मुठीच्या मधोमध एक रेघ ओढा आणि तो ठोकळ्यावर फिरवून पाहा. ती रेघ आणि छिद्रांच्या रेघोट्या एका दिशेला आल्या पाहिजेत. चार-पाच अंशांनी आकार कलता केला की नाकारलेला ठोकळाही कधीकधी जमून जातो. छापील आकाराचा कागद हट्टाने सरळच ठेवणाऱ्यांनी किती चांगलं लाकूड सोडून दिलं असेल!

फांदा फुटतो तिथली पिसासारखी नक्षी मुठीत कधीही घेऊ नका. दोन फांद्यांचे तंतू तिथे एकमेकांत गुंतलेले असतात, कुठल्याच एका दिशेला सलग नसतात. दस्त्याच्या मागच्या भागात तीच नक्षी बिनधास्त घ्या. गाठीची नक्षी असलेलं लाकूड एकसंध दस्त्याला मी वापरतच नाही.

४. वाळलंय का?

"पूर्ण वाळलेलं आहे" या शब्दावर विश्वास ठेवू नका. उघड्या हवेत इंचाला वर्ष हा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे अडीच इंची ठोकळ्याला अडीच-तीन वर्षं. टोचून बघायचं ओलावामापक सुईच्या खोलीपुरतंच सांगतं. घरी आणून दर महिन्याला वजन करा, आणि लागोपाठ तीन महिने ते हललं नाही की मगच करवत लावा. काळा अक्रोड ओल्यापासून पूर्ण कोरडा होईतो वलयांच्या दिशेने सुमारे ७.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने ५.५ टक्के आकसतो. घाईत कोरलेल्या खाचा सैल पडतात किंवा पीळ खातात त्या याच फरकामुळे.

५. आता नक्षी

ठोकळा हातात धरून दिव्याखाली हळू फिरवा. आडव्या लहरींची खरी नक्षी तंतूंच्या लाटांमुळे दिसते. म्हणून फिरवताना उजळ पट्टा गडद होतो आणि गडद पट्टा उजळतो. रंगवलेला पट्टा जागचा हलत नाही. लहरी हव्या असतील तर टोकाकडून पाहा: वलयं जाडीच्या दिशेने आरपार जात असतील, तर रुंद बाजूवर लहरी सगळ्यात छान उमटतात. वलयं रुंद बाजूला समांतर असतील तर रंगांचे ढग मिळतात, लहरी कमी.

नक्षी किती खोल आहे तेही तपासा. कोरताना दोन्ही बाजूंचं मिळून दीड-दोन सेंटीमीटर लाकूड जातं आणि पिसाची नक्षी त्यातच संपू शकते. ती दोन्ही अंगांना दिसली तरच तिचे पैसे मोजा. फॅन्सी, एक्झिबिशन या दर्जांना सर्वमान्य मोजमाप नाही. प्रत्येक विकणारा आपापली पायरी ठरवतो. फोटोवरून घ्यायचं तर दोन्ही बाजू, वरची कड आणि दोन्ही टोकं असे पाच फोटो मागा, आणि तेही कोरड्या लाकडाचे. ओलं केलं की साधं लाकूडही खुलून दिसतं.

पसंत पडला की पारदर्शक आकार जिथे जमला तिथेच खडूने आखून घ्या, तडे जाऊ नयेत म्हणून टोकांना लावलेलं मेण निघालं असेल तर पुन्हा लावा, आणि आजची तारीख व वजन पेन्सिलीने त्याच लाकडावर लिहून ठेवा.