युरोव्हिजनच्या तऱ्हेवाईक गाण्यांमागे: एका व्हिसात तीन देश

मी ठाण्यात वाद्यवृंदांना कीबोर्डवर साथ करते. गडकरीला कार्यक्रम असला की दोन गाण्यांच्या मध्ये विंगेत काय धावपळ चालते ते चांगलं माहीत आहे, म्हणून युरोव्हिजन, म्हणजे दर मे महिन्यात होणारी युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा, बघताना माझं लक्ष आधी तिकडे जातं. गाणं तीन मिनिटांत संपलं पाहिजे, स्टेजवर जास्तीत जास्त सहा माणसं, जिवंत प्राणी चालत नाहीत, आणि पुढच्या देशाचं सामान मिनिटभराच्या आत लागलेलं असतं. 2012 ला बाकूमध्ये रशियाच्या बुरानोवो गावच्या सहा आज्यांनी स्टेजवर भट्टी मांडली आणि दुसरा नंबर मिळवला, तोही याच नियमांत बसून.

अशा गाण्यांवर सहल आखायची असेल तर माझं मत ठाम आहे: स्पर्धा झाली ते सभागृह बघायला जाऊ नका. मे महिना संपला की तिथे दुसरंच काहीतरी चालू असतं. गाणारे ज्या गावचे, त्या गावाला जा. गाण्यातला वेडेपणा तिथे गेल्यावर समजतो.

आधी घरी बसून यूट्यूबवर जुने सादरीकरण बघा, आवडलेल्यांची गावं नकाशावर मांडा आणि मग निर्दयपणे खोडा. चांदीसारखी टोपी घातलेली युक्रेनची व्हेर्का सेर्दुच्का (2007, दुसरी) माझी फार लाडकी, पण युद्ध चालू असताना तिकडचा बेत नको. आयर्लंडने 2008 ला डस्टिन नावाचा टर्की पक्ष्याचा बाहुला पाठवला होता. तिथला व्हिसा वेगळा काढावा लागतो, तोही खोडा. उरतात फिनलंड, एस्टोनिया आणि स्वीडन. तिन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, आणि एकमेकांना बोटीने जोडलेले.

जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणजे इथे फिनलंड. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मोठ्या माणसांना फी 90 युरो, शिवाय किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा. उन्हाळी सुट्टीत जायचं असेल तर मुंबईतल्या केंद्राची तारीख थंडीतच घेऊन ठेवा, मार्च उजाडला की तारखांची मारामारी. आणि अर्जासोबतच्या पत्रात गाण्यांचा विषय बिनधास्त लिहा. गावं, मुक्काम आणि तिकिटं एकमेकांशी जुळली म्हणजे झालं.

हेलसिंकीचा विमानतळ आहे व्हान्ता शहरात. 2023 ला हिरव्या फुगीर बाह्या घालून नाचलेला फिनलंडचा गायक कॅरिया याच गावचा. प्रेक्षकांच्या मतांत तो पहिला होता, परीक्षकांच्या गुणांमुळे दुसरा ठरला. मला आजही ते पटलेलं नाही. हेलसिंकीहून एस्टोनियाची राजधानी टॅलिन बोटीने साधारण दोन तास. तिथल्या टॉमी कॅशने 2025 ला मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये कॉफीवर गाणं म्हटलं आणि तिसरा आला. टॅलिनला एक रात्र पुरे.

हेलसिंकीला परत येऊन रात्रीची रेल्वे पकडा आणि सकाळी रोव्हानिएमीला उतरा. इथे घाई करू नका. 1961 पासून भाग घेणारा फिनलंड 2006 पर्यंत एकदाही जिंकला नव्हता, आणि जिंकला तो राक्षसांचे मुखवटे घातलेल्या लोर्डी या बँडमुळे. बँडचा म्होरक्या याच गावचा, मुखवटे आणि पोशाख तो स्वतः बनवतो. गावाने भर मध्यातल्या चौकाला बँडचं नाव दिलं आहे. आधी चौकात उभं राहून ते तीन मिनिटांचं गाणं हेडफोनवर ऐका. दशावतारात संकासुर आला की अंगावर येतो आणि तरी पोरं पुढे सरकून बसतात, तसं वाटतं.

तिथून सैनायोकीला गाडी बदलून वासा, आणि वासाहून व्होरो. स्वीडनने 2025 ला पाठवलेलं ‘काय’ हे त्रिकूट या फिनलंडमधल्या गावचं; आपल्या स्वीडिश बोलीत त्यांनी सौनावर, म्हणजे वाफेने तापवलेल्या खोलीत बसण्यावर, गाणं केलं आणि चौथे आले. व्होरो लहान गाव आहे, अर्धा दिवस ठेवा. पण सौना घेतल्याशिवाय हे गाणं कळणार नाही. हेलसिंकीत कल्लिओ भागात कोतिहार्यू ही 1928 पासूनची सार्वजनिक सौना आहे, लाकडं जाळून तापवलेली. बायका-पुरुषांची सोय वेगळी. आत कपडे घालत नाहीत, लाकडी फळीवर टॉवेल अंथरून बसायचं. पहिल्यांदा खालच्या पायरीवर बसा. तापल्या दगडांवर कुणी पळीभर पाणी टाकलं की वाफ आधी छताला जाते, मग वरून कानांवर उतरते. सोन्याची कर्णफुलं बाहेर काढून ठेवा, चटका बसतो.

टुर्कूहून रात्रीची बोट स्टॉकहोमला सोडते. बोटीवरचं जेवण महाग, म्हणून मी मेतकूट आणि दशम्या नेते. स्टॉकहोमला युरगोर्डन बेटावर ॲबा या स्वीडिश पॉप गटाचं संग्रहालय आहे, वेळ आधी ऑनलाइन घ्या. ॲबा तऱ्हेवाईक कसे, असं विचाराल तर इंग्लंडमधल्या ब्रायटनला झालेल्या 1974 च्या युरोव्हिजनमधलं त्यांचं चित्रीकरण परत बघा. तेव्हा साथीला खराखुरा वाद्यवृंद असे, आणि त्यांचा संचालक नेपोलियनचा वेश करून आला होता. 1999 पासून वाद्यवृंद बंद झाला, संगीत ध्वनिमुद्रित वाजतं. वादक म्हणून मला याचं वाईट वाटतं.

परतीचं तिकीट स्टॉकहोमहूनच काढा, हेलसिंकीला उलटं जाण्यात दिवस फुकट जातो.