तीव्र ॲलर्जी ओळखताना आणि पहिले इंजेक्शन देताना

अंगावर पित्त उठले तरच ॲलर्जी, ही समजूत इतकी पक्की आहे की त्वचा स्वच्छ दिसणाऱ्या रुग्णाला आणखी थोडे थांबून पाहण्याचा सल्ला मिळतो. प्रत्यक्षात ॲनाफिलॅक्सिसच्या, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीच्या, सुमारे 10 ते 20 टक्के रुग्णांच्या त्वचेवर काहीच दिसत नाही. एखादे औषध, अन्नपदार्थ किंवा मधमाशीचा दंश यांनंतर काही मिनिटांत, फार तर एक-दोन तासांत, आवाज घोगरा झाला, माणूस सारखा घसा खाकरू लागला, जीभ सुजली, छातीत घरघर सुरू झाली किंवा घाम फुटून भोवळ आली, तर ॲनाफिलॅक्सिस धरूनच चालावे.

उपचार ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनचा, आणि तोही लगेच. ते मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या बाजूच्या स्नायूत द्यायचे असते. प्रौढांसाठी वैद्यकीय कर्मचारी 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम असलेल्या द्रावणातून अर्धा मिलिलिटर देतात. रुग्णाजवळच्या पेनमध्ये, म्हणजे मांडीवर दाबताच ठरलेला डोस आपोआप देणाऱ्या तयार इंजेक्शनमध्ये, बहुधा 0.3 मिलिग्रॅमचा डोस भरलेला असतो. पेन मुठीत धरावे, अंगठा टोकावर टेकवू नये, कारण घाईत ते उलटे धरले गेले तर सुई अंगठ्यातच घुसते आणि डोस वाया जातो. कपडे काढत बसू नये. सुई साध्या कापडातून आत जाते. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी रुग्णवाहिका बोलवावी. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस द्यावा.

रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. श्वास लागत असेल तर पाय लांब करून बसू द्यावे, गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर झोपवावे. मोकळ्या हवेत चालवत नेण्याची आपली सवय मात्र येथे घातक ठरते: रक्तदाब कोसळलेला असताना उभे केले की रक्त पायांत साचते, हृदयाकडे पुरेसे परतत नाही आणि ते बंद पडू शकते.

सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळीने खाज कमी होते, पण सुजलेला घसा मोकळा होत नाही आणि रक्तदाबही वर येत नाही. स्टेरॉइडचा परिणाम तर तासांनी दिसतो. बरे वाटू लागले तरी रुग्णालयात जावेच, कारण लक्षणे काही तासांनी पुन्हा उसळू शकतात. घरी परतताना दोन पेने लिहून देण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे, त्यांची मुदत तपासावी आणि द्रावण तपकिरी दिसू लागल्यास पेन बदलावे.