जुना एन्लार्जर पुन्हा कामाला लावताना

बरीच वर्षं पडून राहिलेला एन्लार्जर हाती आला की आधी प्लग लावून दिवा लागतो का ते बघावंसं वाटतं. तो मोह आवरा. एन्लार्जर म्हणजे डार्करूममध्ये निगेटिव्हचं चित्र मोठं करून फोटोच्या कागदावर पाडणारं यंत्र, आणि ते तसं साधं आहे. वर दिवा, त्याखाली कंडेन्सर (प्रकाश एकवटणाऱ्या जाड काचा), मग निगेटिव्ह, लेन्स आणि खाली बेसबोर्डवर कागद. दिव्यापासून लेन्सपर्यंतचा भाग म्हणजे हेड, आणि ते ज्या खांबावर खालीवर होतं तो कॉलम. नुसत्या जुनेपणाने कायमचं निकामी होईल असं त्यात फार थोडं असतं. पण वायरिंग मात्र वयानुसार खराब होतंच, आणि ते जिवावर बेतू शकतं.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी वीज, मग हलणारे भाग, मग काचा, त्यानंतर समांतरता (निगेटिव्ह, लेन्स आणि बेसबोर्ड एकमेकांना समांतर असणं) आणि शेवटी प्रकाशगळती. समांतरता आधी जुळवून नंतर हेड उघडलं, तर तेच काम पुन्हा करावं लागतं.

वायरिंग

जुन्या वायरवरचं रबर उष्णतेने कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. सगळ्यात वाईट अवस्था होल्डरजवळच्या वीतभर वायरची असते. तेवढाच तुकडा बदलून वर टेप गुंडाळू नका. प्लगपासून होल्डरपर्यंत सगळी वायर नवी घाला. ०.७५ चौरस मिलिमीटरची तीन कोअरची केबल पुरते. हेडच्या आतल्या भागात साधी पीव्हीसी वायर टिकत नाही, तिथे सिलिकॉन इन्सुलेशनची उष्णतारोधक वायर वापरा.

पुष्कळ जुन्या एन्लार्जरना दोनच वायरी असतात, अर्थिंग नसतं. बॉडी धातूची असेल तर ते द्यायलाच हवं. हिरवी-पिवळी वायर रिंगच्या लगमध्ये दाबून घ्या, बॉडीवरचा रंग चमकता धातू दिसेपर्यंत खरवडा आणि खाली दातेरी वॉशर घालून स्क्रू आवळा. मग मल्टीमीटरने प्लगच्या अर्थ पिनपासून हेड, कॉलम आणि लेन्सची पट्टी असं प्रत्येक ठिकाणी मोजा. रीडिंग १ ओहमच्या आत यायला हवं. हेड आणि कॉलम यांच्यामध्ये रंग किंवा ग्रीस असलं की जोड तुटतो. तिथे वेगळी वायर ओढा. होल्डर ई२७ (आट्यांचा) असेल तर फेज तळाच्या संपर्काला आणि न्यूट्रल आट्यांच्या बाजूला जोडा, म्हणजे दिवा बदलताना बोट आट्यांना लागलं तरी फेजचा स्पर्श होणार नाही. स्विच फेजवरच हवा. हेड सतत खालीवर होतं, म्हणून केबल आत शिरते तिथे क्लॅम्प लावा. ओढ जोडावर येता कामा नये. प्लगमध्ये फ्यूज असेल तर तो ३ अँपिअरचा ठेवा.

काही जुन्या हेडमध्ये होल्डरभोवती किंवा वायरींवर पांढरट करड्या, तंतुमय गुंडाळ्या दिसतात. ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. खरवडू नका, फुंकर मारू नका, ब्रश फिरवू नका. शंका असेल तर हेड बंद करून जाणकाराकडे द्या.

हॅलोजनच्या कलर हेडला (रंगीत प्रिंटसाठी आत फिल्टर असलेल्या हेडला) बहुधा १२ व्होल्ट १०० वॉटचा दिवा असतो आणि त्याला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर लागतो. ट्रान्सफॉर्मर हरवलेला असेल तर तेवढ्याच व्होल्टचा आणि निदान तेवढ्याच क्षमतेचा घ्या. हॅलोजन दिव्याच्या काचेला बोट लावू नका. तेलकट ठशाच्या जागी काच तापून फुटते.

दिवा

कंडेन्सरच्या एन्लार्जरला दुधी काचेचा आणि डोक्यावर काहीही न छापलेला दिवा लागतो. साध्या बल्बवर वॉट आणि कंपनीचं नाव छापलेलं असतं, त्या अक्षरांची सावली प्रिंटवर फिकट डागासारखी उमटते. पारदर्शक बल्ब लावला तर फिलामेंटमुळे प्रकाशाचे पट्टे पडतात. मूळ दिवे साधारण ७५ किंवा १५० वॉटचे असत. हेडवरच्या पट्टीवर दिलेल्या वॉटच्या वर जाऊ नका. उष्णतेने निगेटिव्ह वाकतं, कधी कंडेन्सरही तडकतो.

एलईडी बल्ब चालतो, मात्र पारखून घ्या. गोल, पूर्ण दुधी आणि डिमरशिवायचा घ्या. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा मोठा उंचवटा असतो, म्हणून मल्टीग्रेड फिल्टरचे (प्रिंटचा कॉन्ट्रास्ट बदलणाऱ्या रंगीत फिल्टरचे) आकडे जुन्या दिव्याच्या आकड्यांशी जुळत नाहीत. स्टेप वेजवरून (टप्प्याटप्प्याने गडद होत जाणाऱ्या फिल्मच्या पट्टीवरून) स्वतःचं कोष्टक बनवून घ्या. दुसरी अडचण वेळेची. काही एलईडी बल्ब स्विच दाबल्यावर थोडे थांबून लागतात, काही बंद केल्यावर क्षणभर मिणमिणत राहतात. हे डोळ्यांनी कळत नाही. एका कागदाच्या अर्ध्या भागाला सलग १० सेकंदांचं एक्स्पोजर द्या आणि उरलेल्या अर्ध्या भागाला १ सेकंदाची १० एक्स्पोजर द्या. डेव्हलप केल्यावर दोन्ही करडे सारखे दिसले तर दिवा आणि टायमर दोन्ही ठीक. तुकड्यातुकड्यांचा भाग स्पष्टपणे फिकट आला तर दिवा उशिरा लागतो. गडद आला तर तो उशिरा विझतो किंवा टायमर जास्त वेळ देतो. फिलामेंटच्या दिव्यातही किंचित फिकटपणा येतो, तो चालवून घ्या. सीएफएल या कामाला नकोच.

हलणारे भाग

बऱ्याच एन्लार्जरमध्ये हेडचं वजन तोलायला गुंडाळीची पट्टीदार स्प्रिंग असते. हेड खाली आणलं की ती ताणली जाते. म्हणून काहीही सैल करण्याआधी हेड कॉलमच्या अगदी वर नेऊन लॉक करा. हेड खाली असताना ते काढलं तर स्प्रिंगच्या जोराने कॉलमवरचा भाग झपाट्याने वर जातो आणि बोटं सापडतात.

फोकसची घुंडी जड चालत असेल तर दोष बहुधा घट्ट झालेल्या ग्रीसचा असतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन दात्यांमधलं सगळं ग्रीस काढा आणि लिथियम ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. जुन्या ग्रीसवरच तेल सोडलं तर ते पातळ होऊन काचांवर उतरतं. पण तुमच्या यंत्रात दात्यांऐवजी घर्षणावर चालणारं रबरी चाक असेल तर तिथे तेल, ग्रीस काहीच लावू नका. चाक आणि पट्टी अल्कोहोलने पुसून कोरडी ठेवा. फोकस जुळवल्यावर लेन्स आपल्याच वजनाने हळूहळू खाली घसरत असेल तर घुंडीजवळचा घर्षणाचा स्क्रू थोडा आवळा.

बेलोज (निगेटिव्ह आणि लेन्स यांच्यामधला घड्यांचा भाता) अंधारात तपासा. आत टॉर्च धरा आणि घड्या पूर्ण उघडून कोपरे बघा, कारण टाचणीएवढी भोकं तिथेच पडतात. लवचीक काळा फॅब्रिक पेंट किंवा पातळ काळं रबरी द्रावण आतून लावा आणि बेलोज ताणलेल्या अवस्थेतच वाळू द्या, नाहीतर घड्या एकमेकींना चिकटतात.

कॉलमच्या तळाचे बोल्ट आवळून झाल्यावरही हेड हलत असेल तर कॉलमचं वरचं टोक भिंतीला पट्टीने बांधा. ग्रेन फोकसरमध्ये (चित्रातले फिल्मचे कण, म्हणजे ग्रेन, मोठे करून दाखवणाऱ्या भिंगात) डोळा लावून टेबलावर हलकी टिचकी मारा. ग्रेन थरथरून लगेच स्थिरावलं तर ठीक. थरथर रेंगाळत असेल तर आधार कमी आहे.

काचा

कंडेन्सर काढण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक काचेच्या कडेला टेप लावून वरची बाजू कोणती ते लिहा. नेहमीच्या मांडणीत दोन काचा असतात आणि त्यांच्या फुगीर बाजू एकमेकींकडे तोंड करून असतात. एक जरी उलटी बसली तरी प्रकाश असमान पडतो. ब्लोअरने धूळ उडवा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब घालून पुसा आणि शेवटी अल्कोहोल वापरा. निगेटिव्हच्या सगळ्यात जवळच्या पृष्ठभागावर जीव ओता. तिथला धुळीचा कण फोकसच्या जवळ असल्याने प्रिंटवर दिसतो. वरच्या काचेच्या काठावरचा टवका मात्र काहीच बिघडवत नाही.

लेन्स पूर्ण उघडी ठेवून तिच्यातून तिरका टॉर्च पाडा. बारीक ओरखडे आणि चार धुळीचे कण असले तर सोडून द्या. धुकट थर असेल तर सोडू नका, तो प्रिंटचा कॉन्ट्रास्ट खातो. बाहेरच्या काचेवर बुरशी असेल तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समप्रमाणात ताजं मिसळा, कापसाच्या काडीने हलकं फिरवा आणि डिस्टिल्ड वॉटरने पुसून घ्या. हे मिश्रण खेळत्या हवेत वापरा आणि बाटलीत बंद करून ठेवू नका, आत वायू साठतो. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर त्या खुणा राहणारच.

लेन्स नवी घ्यावी लागली तर आटे आधी मोजा. बहुतेक लेन्स ३९ मिलिमीटरच्या लायका आट्यांच्या असतात, पण अगदी जुन्यांत लहान आटेही भेटतात. ३५ मिलिमीटर फिल्मला ५० ची लेन्स, ६×६ ला ७५ किंवा ८० ची, ६×९ ला १०५ ची. ६×६ वर ५० ची लावली तर कोपरे काळवंडतात.

कधीकधी लेन्स बसते पण फोकसच होत नाही. तेव्हा मोजपट्टी घ्या. ५० मिलिमीटरच्या लेन्सने आठपट मोठं करताना निगेटिव्ह ते लेन्स अंतर साधारण ५६ मिलिमीटर आणि लेन्स ते कागद साधारण ४५० मिलिमीटर यायला हवं. बेलोज पूर्ण मिटूनही ५६ पर्यंत पोचत नसेल तर लेन्सबोर्ड (लेन्स ज्यावर बसते ती पट्टी) चुकीचा आहे. आत खोल गेलेला बोर्ड लागेल.

समांतरता

प्रिंटचा एक कोपरा धूसर आला की लोक लेन्सला दोष देतात आणि महागडी लेन्स घेतात. पुष्कळदा दोष निगेटिव्ह, लेन्स आणि बेसबोर्ड ही तीन प्रतलं समांतर नसण्याचा असतो. हे एकदा मन लावून जुळवलं तर साधी लेन्सही तुम्हाला चकित करेल.

स्पिरिट लेव्हलने सुरुवात करा. लेव्हल त्याच जागी उलट फिरवूनही बघा. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच बाजूला, म्हणजे तुमच्या उजव्या किंवा डाव्या हाताला झुकला तरच प्रतल तिरकं आहे, नाहीतर दोष लेव्हलचा. पण हा केवळ अंदाज झाला. नेमकेपणासाठी दोन सपाट आरसे लागतात. एका आरशाच्या मागचं कोटिंग मध्यभागी ५ ते ६ मिलिमीटर गोलाकार खरवडून काढा. दिवा, कंडेन्सर आणि लेन्स काढा. साधा आरसा बेसबोर्डवर वर तोंड करून ठेवा आणि भोकाचा आरसा निगेटिव्ह कॅरिअरच्या (निगेटिव्ह धरणाऱ्या चौकटीच्या) जागी खाली तोंड करून बसवा. वरून भोकाला डोळा लावलात की प्रतिबिंबांची बोगद्यासारखी रांग दिसेल. वर्तुळं एकात एक मध्यावर बसली तर प्रतलं समांतर आहेत. रांग एका बाजूला वळत गेली तर नाहीत. हेडचे स्क्रू फिरवून ती सरळ करा. स्क्रू नसतील तर जोडाखाली पितळी पत्र्याची पातळ पट्टी सरकवा. मग भोकाचा आरसा लेन्सच्या जागी धरून हीच कृती पुन्हा करा.

खात्रीसाठी उजेड लागून पूर्ण काळी झालेली, डेव्हलप केलेली फिल्म घ्या आणि इमल्शनच्या (चित्राचा थर असलेल्या) बाजूने सुईने मध्यावर आणि चारही कोपऱ्यांत फुल्या कोरा. लेन्स पूर्ण उघडी ठेवून मध्यावर फोकस करा, मग कोपरे बघा. एकच बाजू धूसर असेल तर तिरकेपणा उरला आहे. चारही सारखेच धूसर असतील तर ते लेन्सचं किंवा फुगलेल्या फिल्मचं लक्षण. लेन्सचं छिद्र दोन स्टॉप (टप्पे) लहान केल्यावर बहुधा सुधारतं. लेन्स आट्यांमध्ये अर्धा फेरा सैल करून पुन्हा फोकस करा: धूसर कोपरा लेन्सबरोबर फिरला तर दोष लेन्सचा, जागेवरच राहिला तर यंत्राचा.

काचेशिवायच्या कॅरिअरमध्ये दिवा लागल्यावर फिल्म तापून फुगते आणि जुळवलेला फोकस सरकतो. फिल्म दिव्याखाली तापू द्या आणि मगच फोकस करा. काचेच्या कॅरिअरमध्ये फुगत नाही, पण फिल्मची चकचकीत बाजू गुळगुळीत काचेला टेकली की न्यूटन रिंग्ज (तेलाच्या तवंगासारखी वर्तुळं) येतात. वरची काच अँटी-न्यूटन (किंचित खरबरीत) असली की त्या टळतात.

उजेड जिथे नको तिथे

निगेटिव्हशिवाय, लेन्सचं छिद्र एफ/८ वर ठेवून मध्यम करडा येईल इतकं एक्स्पोजर द्या. मध्यभाग काळा आणि कडा फिकट असतील तर दिव्याची उंची बदलून बघा. एकच बाजू फिकट असेल तर दिवा मध्यावर नाही. कडांना थोडा फरक राहतोच, तो भौतिकशास्त्राचा भाग आहे.

गळती बघण्यासाठी लेन्सला टोपी लावून दिवा सुरू करा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाचदहा मिनिटं थांबा. हेडच्या वाऱ्याच्या झडपा बुजवू नका, हेड तापेल. त्यांच्यासमोर काळा पुठ्ठा टांगा आणि मागच्या भिंतीला काळा मॅट रंग द्या. निकाल मात्र कागदावरच घ्या. कागदाला आधी इतकं हलकं एक्स्पोजर द्या की फिकट करडा येईल, कारण कोऱ्या कागदावर थोडी गळती उमटत नाही. त्यावर नाणं ठेवा, सेफलाइट (डार्करूममधला, कागदावर परिणाम न करणारा मंद रंगीत दिवा) बंद करा, लेन्सची टोपी लावून एन्लार्जर तीन मिनिटं सुरू ठेवा आणि पूर्ण अंधारातच डेव्हलप करा. नाण्याची फिकट चकती दिसली तर हेड गळतंय. मग दुसऱ्या कागदावर एन्लार्जर बंद आणि सेफलाइट पाच मिनिटं सुरू, असं करा. चकती इथेच दिसली तर यंत्राला दोष देऊ नका. सेफलाइटमध्ये १५ वॉटचा बल्ब आहे का आणि तो कागदापासून निदान १.२ मीटर दूर आहे का, ते बघा. दोन्ही बरोबर असूनही चकती येत असेल तर सेफलाइटचा फिल्टर विटला आहे, तो बदला.