वॉटर ब्लॉक (आतून पाणी फिरवून चिप थंड करणारा धातूचा ठोकळा) बसवूनही ग्राफिक्स कार्ड तापतंय?

आधी कार्डाचं सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं तापमान) यांतला फरक पाहा. पूर्ण लोडवर तो साधारण १०–१५ अंश असेल तर ठीक. २५–३० च्या पुढे गेला तर ब्लॉक चिपवर नीट टेकलेला नाही, असं धरून चाला. लोड देताच दोन-तीन सेकंदांत आकडा उसळला तर दोष संपर्काचा. दहा-वीस मिनिटांत हळूहळू चढला तर पंप, रेडिएटर किंवा अडकलेली हवा तपासा. ब्लॉक उघडायची घाई नको.

उघडलाच तर थर्मल पेस्टचा (चिप आणि ब्लॉक यांमधला उष्णता वाहून नेणारा लेप) ठसा नीट बघा, पुसायच्या आधी. चांगल्या ठशात चिपवर सगळीकडे पातळ, एकसारखा थर दिसतो. एका कडेला जाड राहिला असेल तर ब्लॉक तिरका बसलाय. सगळीकडेच जाड असेल तर बहुतेक वेळा गुन्हेगार थर्मल पॅड (चिपशेजारच्या मेमरीसारख्या भागांवर लावायची मऊ, उष्णता वाहून नेणारी पट्टी) असतो: १ मिमीच्या जागी १.५ मिमीचा लावला की तो ब्लॉकला चिपपासून वर उचलून धरतो. जाडी ब्लॉकच्या माहितीपत्रकातलीच घ्या, अंदाजाने नाही. पॅडच्या दोन्ही बाजूंची प्लॅस्टिक फिल्म निघालीय ना, हेही बघा (हसू नका, राहते).

आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसा, नवी पेस्ट पूर्ण चिपवर पसरा. चिपभोवतालचे चार स्क्रू कर्णरेषेत, एकेक अर्धा फेरा देत आवळा. स्क्रू थांबला की थांबा. जोर लावलात तर चिपचा कोपरा उडतो.